भारुडापुरतं लुगडं

ज्ञानोबा माउलींची पालखी लोणंद सोडते आणि तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत नातेपुत्याकडं सरकते. आमचं गाव त्या वाटेला लागून. त्यामुळं पुरुषांनी पुरुषांच्या गळ्यात पडणं ही गोष्ट मी लहानपणापासून भर रस्त्यात, दिवसाढवळ्या पाहिली. धोतराचा काचा मारलेले साठीचे दोन गडी उन्हात फुगडी घालायचे. दिंडीतली माणसं बोटांत बोटं गुंफून कोसभर चालायची. रात्री शाळेच्या व्हरांड्यात एका वाकळेत तिघं-चौघं निजायचे आणि सकाळी तळ हलताना उराउरी भेटून डोळे पुसायचे. कुणाच्या भुवया उंचावल्याचं मला आठवत नाही. आज पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर दोन पोरं हातात हात घालून चालली तर ती आधी मागंपुढं बघतात. ती एकमेकांची कुणी नसली, तरी बघणारे मनातल्या मनात काहीतरी ठरवून मोकळे होतात. स्पर्शाच्या बाबतीत तो काळ सैल होता, हे मान्यच करायला हवं. आणि एवढं मान्य करूनही, त्या काळात परत जाशील का म्हणाल तर मी जाणार नाही.

आमचं घर पिढीजात माळकऱ्यांचं. आषाढीच्या वाटेवरच्या एका दिंडीची दुपारची पंगत आमच्याकडं ठरलेली: पिठलं, भाकरी, ठेचा आणि आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, हट्टामुळं लापशी. दिवेलागणीला हरिपाठ, कार्तिकात पहाटेचा काकडा, महिन्याच्या दोन एकादश्या. एकादशी कॅलेंडर बघून कळायची गरजच नव्हती, आज्जीच्या भगरीचा वास पुरायचा. मी १९७४ चा. आमच्या देवाची भीती कुणी घातली नाही. विठोबाला आमच्याकडं नवस बोलत नसत, त्याच्याशी भांडत असत. हे मुद्दाम सांगतो, कारण धार्मिक घरातला गे मुलगा म्हटलं की ऐकणाऱ्याला सोवळं, प्रायश्चित्त, दारं लावून दिलेला मार असलं काहीतरी हवं असतं. मार आम्हीही खाल्ला. पण तो विठोबाच्या नावानं पडला नाही, लोक काय म्हणतील या नावानं पडला, आणि ते दैवत सगळ्या जातीधर्मांत सारखंच जागृत आहे.

दहावीच्या सुट्टीत आण्णांनी मला आळंदीला नेलं आणि तिथल्या एका महाराजांच्या हातून गळ्यात तुळशीची माळ घातली. महाराजांनी नियम सांगितले. वारी चुकवायची नाही. एकादशी मोडायची नाही. मांस-मच्छी, दारू वर्ज्य. परस्त्री मातेसमान मानायची. शेवटचा नियम सांगताना त्यांनी माझ्या वयाकडं बघून आवाज जरा चढवला, शेजारच्या दोन पोरांनी माना खाली घातल्या, आणि मला मात्र मनातून हायसं वाटलं, की हा एक तरी नियम आपल्याला काही न करता जमतोय. त्या वयात मला माझ्याबद्दल एवढंच ठाऊक होतं. वर्गातली पोरं ज्याच्यासाठी तडफडत होती ते मला होत नव्हतं. मला जे होत होतं त्याबद्दल महाराजांनी नियमच सांगितला नव्हता.

गावात चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह बसायचा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. एका रात्री भारुडं व्हायची. बारा-तेरा वर्षांचा असताना सासुरवाशिणीच्या भारुडासाठी पोरगं कमी पडलं आणि मला उभं केलं. आज्जीनं स्वतःचं इरकली लुगडं नेसवलं, काष्टा घट्ट ओढला, कपाळभर कुंकू लावलं आणि अंबाड्यासाठी जुन्या मोज्याचा बोळा बांधला. मी त्या रात्री जे काही केलं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. कमरेवर हात ठेवणं, मान वेळावणं, पदर दातात धरून लाजणं, सगळं आपसूक आलं. मंडप हसून लोळला. म्हाताऱ्यांनी दोन-दोन रुपयांच्या नोटा माझ्या पदराला टाचल्या. थोरले चुलते तर उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरून कळशी घेऊन येताना मी बहुतेक तसाच चाललो असणार. त्याच चुलत्यांनी अंगणात कानाखाली वाजवली. "बायल्यागत चालू नगंस."

कळशी फुटली नाही, तांब्याची होती. पण मामला मला त्या वयातही नीट समजला: लुगडं भारुडापुरतं. मंडपात गवळणी म्हणणारे आमच्या गावचे दाढीवाले भजनी बुवा कृष्णाच्या विरहात असे काही विरघळायचे, की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. स्वतःला गोपी समजून देवावर प्रेम करायला बाप्यांना आमच्या परंपरेत शतकानुशतकं मुभा आहे. फक्त प्रेम देवावर हवं आणि पहाटे भजन संपलं की बुवांनी घरी जाऊन बैल सोडायला हवेत.

याच सप्ताहात आळंदीहून मृदंग वाजवायला एक मुलगा यायचा. जोग महाराजांनी १९१७ मध्ये सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत तो शिकत होता. माझ्याहून दोनएक वर्षांनी मोठा. कीर्तनाआधी तो आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन आज्जीकडं कणीक मागायचा. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या पुडीला, ओली कणीक लावतात, त्याशिवाय तो घुमत नाही. आज्जी भाकरीत गुंतलेली, त्यामुळं कणीक मळून द्यायचं काम माझ्याकडं आलं. ती सैल झाली तर वाजवताना उडते, घट्ट झाली तर बसत नाही. तो मांडीवर पखवाज घ्यायचा, मी पाण्याची वाटी धरायचो. कणकेचा गोळा मधोमध थापून तो एक थाप मारायचा, कान लावायचा, चिमूटभर काढून माझ्या तळहातावर ठेवायचा, पुन्हा थाप. स्वर लागला की माझ्याकडं बघून नुसती मान हलवायचा. कीर्तन संपल्यावर वाळलेली कणीक खरवडून गाईला घालायची, तेही मीच करायचो. त्याच्या नखांत पीठ अडकलेलं असायचं. मला ती नखं आजही काढून दाखवता येतील.

रात्रीचे पहारे दोन-दोन तासांचे. दोन ते चारचा कुणाला नको असायचा, तो आम्ही मागून घ्यायचो. त्याच्या गळ्यातली वीणा माझ्या गळ्यात येताना आधी दोघांनी एकमेकांच्या पायाला हात लावायचा, मग दोरी डोक्यावरून काढायची, मग दुसऱ्याच्या डोक्यावरून घालायची. हे सगळं सावकाश करायचं असतं, तार थांबता कामा नये. आम्ही ते फारच सावकाश करायचो. याहून जास्त काही घडलं नाही. पुढं त्याचं लग्न ठरलं, आण्णांबरोबर मीही गेलो, पंगतीत जिलेबी वाढली. पुढच्या चैत्रात तो बायकोला घेऊन आला. कणीक तिनं मळली.

आजची पोरं हे ऐकून हळहळतात. मला स्वतःला त्यात हळहळण्यासारखं फार वाटत नाही. रात्री दोन वाजता मांडवात वीणा घेऊन उभं राहणं, समोर आवडता माणूस, आणि सगळं गाव झोपलेलं. असली भेट हल्ली कुठल्या कॅफेत मिळते?

हळहळावं असं दुसरंच आहे. आपण कोण, हे विचारायला तेव्हा दारच नव्हतं. तालुक्याच्या वाचनालयात मी शब्दकोश चाळले, आरोग्यावरची पुस्तकं चाळली. जे सापडलं ते विकृती या सदराखाली. रविवारच्या पुरवणीत डॉक्टर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे, त्यात आमच्यासारख्यांना एकच उत्तर असायचं, ते म्हणजे लग्न. खरं तर र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'मध्ये असल्या प्रश्नांना कितीतरी आधी सरळ उत्तरं मिळत होती. त्यावरून १९३४ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी लढवली. पण हे मला कळायला चाळिशी उजाडावी लागली. आमच्या वाचनालयात कर्वे म्हणजे धोंडो केशव, थोरले, भिंतीवरच्या तसबिरीतले. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्येच रंगभूमीवर आलं होतं, एका मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचं नाटक. ते फलटणपर्यंत पोचलं नाही.

मग उरला जोगता. मंगळवारी आणि शुक्रवारी परडी घेऊन यायचा, लुगडं नेसलेला, यल्लम्माचा. आज्जी त्याला वाकून नमस्कार करायची आणि परडीत जोंधळे घालायची. तो मला बघून हसला की माझ्या पोटात गोळा यायचा. मला वाटायचं, याला कळलंय. तसल्या पोराला देवीला सोडतात, हे मी बायकांच्या बोलण्यात ऐकलं होतं. मला लुगडं नेसून भारूड करायला आवडायचं, पण जन्मभर बाई म्हणून जगायचं नव्हतं. मला धोतरच नेसायचं होतं आणि धोतर नेसणारा माणूसच हवा होता. असा माणूस मी पाहिला नव्हता. म्हणजे रोज पाहत होतो, पण ते सगळे लग्न करून बसले होते.

त्या सैल काळाचा हिशेब इथं येतो, आणि जुने दिवस आठवून गहिवरणाऱ्यांना तो आवडत नाही. पुरुषाला पुरुषाच्या मांडीवर डोकं टेकता यायचं, कारण घरी त्याची बायको होती, दोन पोरं होती, शंका घ्यायला कारण नव्हतं. लग्नाची पावती फाडली की बाकी सगळं माफ. ती पावती ज्या बाईच्या नावानं फाटली, तिला काय मिळालं हे कुणी विचारलं नाही. आमच्या वयाचे कितीतरी जण आजही तसेच संसार करतात. त्यांच्यातल्या एकाची बायको मला म्हणाली होती, "ह्यांनी कधी हात उचलला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. मीच काहीतरी कमी पडले." ती आता साठीला आली आहे आणि अजून तसंच समजते. मी तिला काही सांगितलं नाही. सांगायचा हक्क तिच्या नवऱ्याचा, आणि तो सांगणार नाही.

मलाही तिकडंच ढकलत होते. पुण्यात नोकरीला लागलो तशी स्थळं यायला लागली. दोन मोडल्यावर मीच धीर करून एका मानसोपचारतज्ज्ञाकडं गेलो. गोळ्या मिळाल्या, त्यांनी झोप यायची. सल्ला मिळाला तो पुरवणीतल्या डॉक्टरांचाच. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्ये काढली होती. हे ९० च्या दशकाच्या अखेरीचं सांगतोय, पण डॉक्टरसाहेबांच्या टेबलापर्यंत ती यादी पोचली नसावी. असला माणूस 'दुरुस्त' करून देणं ही डॉक्टरची गैरवर्तणूक ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं स्पष्ट केलं ते २०२२ मध्ये. आज एखाद्या पोराला घरच्यांनी दवाखान्यात ओढत नेलं तर निदान कागद तरी त्याच्या बाजूनं आहे. कागदाला कमी लेखू नये. ज्याच्याकडं तो नव्हता त्यालाच त्याची किंमत कळते.

गोळ्या बंद केल्या त्या आठवड्यात मी गळ्यातली माळही काढली. फेकायचं धाडस झालं नाही, शाळेच्या जुन्या कंपासपेटीत ठेवली. कोपऱ्यावरच्या गाडीवर जाऊन अंडाभुर्जी खाल्ली. आवडली नाही. बंड करायचं आणि त्याची चवही आवडू नये, हे जरा जिवाला लागलं.

'बॉम्बे दोस्त' हे मासिक मला हॉस्टेलवरच्या एका मित्राच्या गादीखाली सापडलं. अशोक राव कवींनी ते १९९० मध्ये मुंबईत सुरू केलेलं. अंक जुना, कोपरे दुमडलेले, किती हातांतून गेला असेल कुणास ठाऊक. त्यावरून मुंबईचा पत्ता लागला. हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये उभा राहिला होता आणि वाकोल्याला महापालिकेच्या इमारतीत शुक्रवारी संध्याकाळी माणसं जमायची. पुण्याहून गाडी पकडून मी तिथं जायला लागलो. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी शिक्षक. एकाच्या कपाळावर अष्टगंध होतं. मी त्याच्याकडं इतका टक लावून बघत होतो, की त्याला वाटलं मला तो आवडला. पुढं पुण्यातच सोय झाली. बिंदुमाधव खिऱ्यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीतून, आपल्या माणसाशी बोलावं तसं बोलायला सुरुवात केली. त्यांची 'पार्टनर' वाचताना मी पहिल्यांदा स्वतःला मराठीत भेटलो. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची, ती वाचली तेव्हा असं भेटायची सवय झाली होती.

माळ परत गळ्यात आली ती मात्र वाकोल्यामुळंही नाही आणि पुस्तकांमुळंही नाही. एका आषाढात ऑफिसातल्या पोरांबरोबर मी आळंदीहून सासवडपर्यंत चाललो. गळा मोकळाच होता. दिवे घाटात एक म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन माझ्यापुढं चढत होती. वळणावर धाप लागली म्हणून थांबली, माझ्याकडं वळली आणि माउली म्हणून माझ्या पायाला हात लावला. वारीत हे कुणीही कुणाचंही करतं, मलाही तिच्या पाया पडायचं होतं, पण मी तसाच उभा राहिलो. मनात आलं ते एवढंच, हिला ठाऊक असतं तर? पुढच्या वळणावर तिनं बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या पायाला हात लावला, मग टँकरवर पाणी भरणाऱ्या पोराच्या. म्हणजे त्यात माझं कौतुक काहीच नव्हतं. या एका गोष्टीनं मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुणाच्या समजुतीनं कधी वाटलं नव्हतं. तोवर मी एक तर कुणाच्या तरी नजरेत पापी असायचो, नाही तर कुणाच्या तरी नजरेत शूर. त्या बाईच्या लेखी मी रांगेतला एक होतो. पुण्याला परतल्यावर कंपासपेटी उघडली.

त्यानंतर कीर्तनं वेगळी ऐकू यायला लागली. चोखोबांची समाधी महाद्वारात, पायरीशी, कारण जिवंतपणी आत जाता येत नव्हतं. त्यांच्या जातीच्या लोकांना देवळात घ्यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. कान्होपात्रा गणिकेची लेक. तिची जागा थेट देवळाच्या आवारात. ज्या वाटेवर ही सगळी मंडळी आधी चालून गेली आहेत, तिथं आपण दाखल्याची वाट का बघत बसायची? हा विचार कुठल्या पुस्तकातला नाही. आमच्या घरच्या ओसरीवर आण्णा रोज हेच सांगत होते. फक्त त्यांना ते आपल्याच पोराला लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

आमच्याकडं कुठलीही घटना तिथीनं लक्षात ठेवतात, म्हणून कोर्टाचे निकालही माझ्या डोक्यात तसेच बसले आहेत. दिल्ली उच्च न्यायालयानं ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले ते २ जुलै २००९ ला. आषाढ शुद्ध दशमी. पालख्या वाखरीहून पंढरपुरात शिरत होत्या, आण्णा दिंडीत होते, मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून रडत होतो. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ते उलटं फिरवलं. मार्गशीर्ष. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला २४ ऑगस्ट २०१७ ला, त्या दिवशी हरतालिका. चांगला नवरा मिळावा म्हणून पोरी उपास करतात त्या दिवशी, हे मित्रांनी माझ्याकडून वदवून घेऊन पुष्कळ चेष्टा केली. आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी एकमतानं ३७७ चा आमच्यावरचा फास सोडवला, तेव्हा श्रावण वद्य एकादशी होती.

त्या दुपारी मी आईला फोन केला. तोवर घरी सांगून बरीच वर्षं झाली होती. ती भगर निवडत होती. निकाल सांगितल्यावर थोडं थांबून म्हणाली, "मंजी आता पोलीस धरणार न्हाईत?"

"नाही धरणार."

"आन् आदी धरत हुते?"

१८६० च्या कायद्यानं आपला मुलगा गुन्हेगार होता, याची तिला कल्पनाच नव्हती. ती इतकी वर्षं भावकीला भीत होती, सरकारला नाही. त्या फोनवर ती माझ्यावर पहिल्यांदा खरी रागावली, आधी का सांगितलं नाही म्हणून.

घरी सांगितलं होतं २००९ च्या दिवाळीत. आईनं पहिला प्रश्न विचारला तो, म्हातारपणी तुझं कोण करणार, हा. आण्णा काही बोलले नाहीत. उठून देव्हाऱ्यापुढं गेले आणि हरिपाठ सुरू केला, अजून दिवेलागण व्हायची होती. त्यानंतर त्यांनी स्थळांचा विषय काढला नाही. मला घराबाहेर काढलं नाही आणि घरात घेतलं असंही म्हणता येणार नाही. सप्ताहात वीणा माझ्या गळ्यात घालायची वेळ आली की ते पाणी प्यायला जायचे. ते गेले तेव्हा आमच्यात हा विषय तिथंच होता. आता आण्णा असते तर बदलले असते, असं लोक सांत्वनाला म्हणतात. असते की नसते, मला सांगता येत नाही, आणि त्यांच्या वतीनं मी ठरवणारही नाही. २०२५ मध्ये 'साबर बोंडं' थिएटरात लागला. रोहन कानवडेंचा, सनडान्सला मोठं पारितोषिक मिळालेला. बापाच्या सुतकाचे दहा दिवस पाळायला गावी गेलेला मुंबईचा मुलगा आणि त्याचा गावातला मित्र, अशी गोष्ट. आईला घेऊन गेलो. सुतकातही लग्नाचं विचारणारे नातेवाईक बघून ती अंधारात म्हणाली, "आपल्याकडं बी त्येच झालं." पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला.

आता फलटणला पालखीच्या मुक्कामी रात्री कुणी मोबाइलवर ॲप उघडलं, तर आसपासचे लोक मीटरच्या हिशेबात दिसतात. मीही कुतूहलानं उघडलं होतं. एक फोटो चेहरा नसलेला, नुसता गळा आणि गळ्यात तुळशीची माळ. अंतर दोनशे मीटर. म्हणजे पाण्याच्या टाकीपलीकडच्या तंबूत कुठंतरी. त्यानं विचारलं, काका, असं असलं तर माळ काढावी लागते का? मी लिहिलं, मासे खाणार असशील तर काढ. तो बराच वेळ हसण्याच्या खुणा पाठवत राहिला. आमच्या वेळी हा प्रश्न विचारायला मला वाकोल्यापर्यंत जावं लागलं होतं आणि तिथंही मी तो विचारला नव्हता.

पण सगळंच सुधारलं असंही नाही. पूर्वी कीर्तनात आमचा उल्लेख नसे, आता असतो, आणि तो हशा मिळवण्यासाठी असतो. दोन-चार महाराजांच्या यूट्यूबवरच्या कीर्तनांत, पोरानं पोराशी लग्न केलं तर सासू कुणाला म्हणायचं, असले विनोद ऐकले. मंडप हसतो. त्या मंडपात कुठंतरी दोन ते चारचा पहारा मागून घेणारा एखादा बसलेला असतो, आणि शेजारच्याच्या बरोबरीनं त्यालाही हसावं लागतं. निदान आम्हांला हसावं लागत नव्हतं. उलट घरात माझी पुतणी भर जेवणात विचारते, "काका, तुम्ही सगळ्यांना आउट आहात ना? मी स्टोरी टाकली तर चालेल?" आई तिच्या ताटात भाकरी टाकत म्हणते, "टाक, पन आदी जेव."

लग्नाचं मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला, नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयानं संसदेकडं बोट दाखवलं आणि प्रश्न तिथंच राहिला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयानं खुलासा केला, की आमच्यासारख्यांना जोडखातं काढायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. आम्ही दोघं गेलो, खातं काढलं. नात्याच्या रकान्यात मित्र लिहिलं. मृत्युपत्र वेगळं नोंदवून ठेवलं आहे, कारण भावकीवर माझा विश्वास आहे, पण सातबाऱ्यापर्यंत नाही.

माझा जोडीदार वेंगुर्ल्याचा. आई हल्ली दिवाळीनंतर दोन-तीन महिने पुण्याला आमच्याकडं राहते. तो पुरुष आहे याची तिला आता सवय झाली आहे. तो मासे खातो याची होत नाही. माळकऱ्याच्या घरात बांगडा, हे तिच्या लेखी कुठल्याही कलमात बसत नाही. बरीच बोलाचाली होऊन असं ठरलं, की तवा वेगळा, शेगडी गॅलरीत, आणि ती हरिपाठाला बसली असताना तळणं नाही. एकादशीला त्यानं आपणहून सोडलं. त्यावर तिनं लगेच पूर्ण चातुर्मासाची मागणी पुढं केली. सध्या बोलणी तिथं अडली आहेत. तो श्रावणापुरता तयार आहे.